सासूबाईंना घेऊन शिडाच्या बोटीवर चार रात्री: एका कुकचं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कोल्हापूरच्या राजारामपुरीतून सहा जण निघालाय: तुम्ही, मिस्टर, ९ वर्षांची मुलगी, ६६ वर्षांच्या सासूबाई आणि दीर-जाऊ. जानेवारीत थायलंडमधलं फुकेत, तिथं चार रात्री कॅप्टन आणि कुकसकट शिडाची कॅटमरान, म्हणजे दोन सांगाड्यांची बोट. पैसे दिरांनी भरलेत. तुम्हाला आणि सासूबाईंना पोहता येत नाही, गगनबावड्याचा घाट उतरताना तुम्हाला गाडी लागते, सासूबाई माळकरी आहेत. आणि तुम्ही एका दमात विचारलंय की बोट उलटते का, उलट्या झाल्या तर काय, संडास कसा असतो, जेवायला काय मिळणार, रात्री बोट वाहून गेली तर, वादळ आलं तर. मग अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखी एक ओळ: “आमच्यामुळे बाकीच्यांची ट्रिप खराब व्हायला नको.”

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न ती शेवटची ओळ आहे. बोट उलटेल का, हे तुम्ही कॅप्टनला हसत हसत विचाराल. पण “मला मळमळतंय, जरा आडोशाला घेता का” हे विचाराल? “संडास तुंबलाय, माझ्याच हातून झालंय” हे सांगाल? आपली माणसं सांगत नाहीत. बोट उलटून बिघडलेली एकही सहल मी पाहिली नाही. भिडेपोटी बिघडलेल्या मोजायला बसलो तर हाताची बोटं पुरायची नाहीत. भीड भिकेची बहीण म्हणतात, ती बोटीवर जरा जास्तच पाहुणचार करून घेते.

मी कसबा बावड्याचा. अकरा सीझन चार्टरच्या, म्हणजे सहलीसाठी भाड्यानं मिळणाऱ्या बोटींवर कुक होतो. आधी कॅरिबियन, नंतर उन्हाळ्यात ग्रीस आणि हिवाळ्यात थायलंड. दोन माणसांच्या क्रूमध्ये कुक म्हणजे नुसता आचारी नसतो. चादरी तोच बदलतो, नांगर टाकताना पुढं तोच उभा राहतो, संडास तुंबला की पाइप तोच सोडवतो. त्यामुळं पाहुण्यांच्या ज्या गोष्टी कॅप्टनला कधीच कळत नाहीत त्या मला कळायच्या. ‘कोल्हापूरचा माणूस आणि बोटीवर?’ हे मी इतक्यांदा ऐकलंय की उत्तर पाठ झालंय: सिंधुदुर्ग किल्ला आणि मालवणचं बंदर १८१२ च्या तहात इंग्रजांना देईपर्यंत कोल्हापूरच्या छत्रपतींकडंच होतं. तेव्हा समुद्र आपल्याला परका नाही, फक्त मधल्या दोनशे वर्षांत सवय मोडली.

आता एक गोष्ट आधीच कबूल करतो. खालचं बरंचसं कुठला समुद्र, कुठला महिना आणि कुठली बोट यावर बदलतं. तुम्ही जुलैत ग्रीसमधल्या सिक्लाडीज बेटांना चालला असता तर मी तुम्हाला सासूबाईंना नेऊ नका म्हटलं असतं. तिथं त्या दिवसांत मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा दिवस-दिवस झोडपतो. पावसाळ्यात फुकेत असतं तरी दोनदा विचार करा म्हटलं असतं. पण तुम्ही जानेवारीत जाताय आणि तुमच्या कार्यक्रमात बहुतेक मुक्काम फांग न्गा खाडीत दिसतात. त्या दिवसांत वारा ईशान्येकडून येतो, कधी कधी चांगला जोरातही येतो. पण खाडी उथळ आहे आणि चुनखडीच्या उभ्या बेटांनी भरलेली आहे. लाटेला मोठं व्हायला मोकळं पाणी लागतं, ते तिथं तिला फारसं मिळत नाही. कार्यक्रमात फी फी बेटांचा जो एक दिवस आहे तेवढा उघड्या पाण्याचा. त्याचं पुढं सांगतो.

बोट उलटण्याचं आधी संपवतो. एका सांगाड्याच्या शिडाच्या बोटीखाली जड कील, म्हणजे पाण्यात खोल उतरलेलं वजनदार पातं असते, तिच्यामुळं बोट वाऱ्यानं एका अंगावर झुकते आणि परत उभी राहते. बघणाऱ्याचा जीव वर-खाली होतो, पण तिचं चालणंच तसं असतं. कॅटमरानला दोन सांगाडे असतात. ४५ फुटी कॅटमरान साधारण २५ फूट रुंद असते, म्हणजे जवळजवळ एक लहान फ्लॅट पाण्यावर ठेवल्यासारखा. ती झुकत नाही. टेबलावरचा चहाचा कप चालत्या बोटीतही बहुतेक वेळा जागचा हलत नाही. तिला उलटवायला जो वारा आणि ज्या लाटा लागतात त्यात कुठलाही शहाणा कॅप्टन पाहुणे घेऊन नांगर उचलत नाही. वेगही फार नसतो. सहा नॉट म्हणजे ताशी ११ किलोमीटर, रंकाळ्यावरून एखादा पोरगा सायकल मारत जातो तेवढा. दिवसातून तीन-चार तास चालायचं, बाकी वेळ नांगरावर.

आता बोट लागण्याबद्दल. हे सविस्तर सांगतो, कारण हे होऊ शकतं, आणि तुम्हाला गाडी लागते म्हणजे होण्याचीच शक्यता जास्त.

कारण साधं आहे. कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो, तो सांगतो आपण हलतोय. डोळे केबिनची भिंत किंवा मोबाइल बघत असतात, ते सांगतात काहीच हलत नाही. मेंदूचा गोंधळ उडतो आणि राग पोटावर निघतो. म्हणून तर ड्रायव्हरला घाट लागत नाही, मागच्या सीटवरच्याला लागतो. यातूनच सगळे उपाय निघतात. बोट चालू असताना खाली केबिनमध्ये जायचं नाही. मोबाइल बघायचा नाही, मुलीला चित्रं काढायलाही बसवायचं नाही. बोटीच्या मधोमध, मोकळ्या हवेत, लांब क्षितिजाकडं किंवा एखाद्या बेटाकडं बघत बसायचं. माझा एक कॅप्टन होता, पाहुणा पांढरा पडायला लागला की तो गुपचूप सुकाणू त्याच्या हातात द्यायचा. पाचातल्या चार वेळा माणूस दहा मिनिटांत सुधारायचा.

गोळीचं म्हणाल तर आपल्याकडं एव्होमिन बहुतेकांना माहीत असते. तिच्यात प्रोमेथाझिन असतं, आणि त्यानं झोप येते. दोन गोष्टी लक्षात ठेवा. गोळी बोट हलायच्या निदान तासभर आधी घ्यायची, किंवा आदल्या रात्री झोपताना. उलटी सुरू झाल्यावर गिळलेली गोळी बहुतेक बाहेरच येते. दुसरं म्हणजे सासूबाईंना ती तुम्ही होऊन देऊ नका. काचबिंदू असेल, इतर गोळ्या चालू असतील तर असली औषधं सगळ्यांना चालत नाहीत. फॅमिली डॉक्टरांना विचारा, त्यांनी हो म्हटलं तर इथं घरी असतानाच एकदा देऊन बघा किती गुंगी येते ते. गुंगीत असलेलं माणूस बोटीच्या पायऱ्यांवर मला अजिबात आवडत नाही. सोबत आल्याच्या वड्या ठेवा. रिकाम्या पोटी निघू नका आणि भरल्या पोटीही नको. भडंग घेऊन या, अगदी मनापासून सांगतो. कोरडं, हलकं, खारट. मळमळणाऱ्या माणसाला भडंगाइतकं काहीच मानवत नाही. माझ्या गॅलीत, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाकघरात, डबा कायम भरलेला असायचा आणि जर्मन पाहुणेसुद्धा तो फस्त करायचे.

चिन्हं ओळखायला शिका, कारण उलटी हे शेवटचं चिन्ह आहे. आधी माणूस गप्प होतो. मग जांभया येतात, कपाळाला गार घाम सुटतो, तोंडाला पाणी सुटतं. जांभया सुरू झाल्या की सांगायचं. उलटी आलीच तर संडासात पळू नका. कोंदट जागा, हलतं जमीन-छत, तिथं माणूस आणखी खचतो. कठड्यावरून वाकूही नका. बादली मागा. प्रत्येक बोटीवर त्या कामाची बादली असते आणि ती मागितल्यावर कोणी तोंड वाकडं करत नाही. मी स्वतः पहिल्या सीझनला दोन दिवस एका हातात उलथणं आणि दुसऱ्या हातात बादली घेऊन पाहुण्यांना नाश्ता दिलाय. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बहुतेकांचं शरीर जुळवून घेतं, माझंही घेतलं.

आता मूळ मुद्द्याची गोष्ट. ग्रीसला आयोनियन समुद्रात आपल्याच राज्यातलं एक कुटुंब होतं. तिथला वारा तसा मवाळ. पहिल्या दुपारपासून वहिनी ‘डोकं दुखतंय’ म्हणून केबिनमध्ये झोपून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चहा घेऊन गेलो तेव्हा उशाशी बांधलेली पिशवी दिसली. दीड दिवस बाई खाली, बंद खिडकीत, उलट्या करत होत्या. नवऱ्यालाही नीट सांगितलं नव्हतं, कारण त्यानं वर्षभर पैसे साठवून ही सहल काढलेली. मी कॅप्टनला सांगितलं. त्यानं बोट वळवली आणि चाळीस मिनिटांत आम्ही बेटाच्या आडोशाला, तळ्यासारख्या शांत पाण्यात होतो. त्या रात्री त्या दोन वाट्या दहीभात जेवल्या. नंतर मला म्हणाल्या, “बोट वळवा म्हणणं म्हणजे चालती एसटी थांबवायला सांगण्यासारखं वाटलं हो.” ताई, ती एसटी नाही. बोट सहा जणांसाठी घेतलीय, आणि ती कुठं जाणार हे त्या सहा जणांच्या पोटावर ठरवणं हाच कॅप्टनचा धंदा आहे. त्याच्याकडं एका मुक्कामाला तीन पर्याय तयार असतात. कुणीतरी ‘बरं वाटत नाही’ एवढं म्हणावं लागतं.

संडास. कोणी उघड विचारत नाही आणि सगळ्यांच्या मनात हाच असतो, तुम्ही विचारलात ते फार बरं केलंत. प्रत्येक केबिनला बहुतेक स्वतंत्र बाथरूम असतं, दीर-जावांच्या दारात रांग लावावी लागत नाही. कमोड घरच्यासारखाच दिसतो, पण त्याच्या मागचा पाइप जेमतेम दीड इंचाचा असतो. म्हणून जगभरच्या बोटींवर एकच नियम: जे पोटातून गेलं नाही ते कमोडमध्ये टाकायचं नाही. टिश्यू पेपर, वाइप्स, सॅनिटरी पॅड, केसांचा पुंजका, सगळं शेजारच्या झाकणाच्या डब्यात. कुठं बटण असतं, कुठं हातपंप. हातपंप असेल तर वाटतं त्याच्या दुप्पट वेळा मारा.

जेट स्प्रे बहुतेक ठिकाणी नसतो. पण बाथरूममध्ये ओढून बाहेर काढता येणारा हँड शॉवर असतो, त्यावर काम भागतं. तरी सासूबाईंसाठी घरून प्लॅस्टिकचा एक मग न्या. यात हसण्यासारखं काही नाही. मी सुद्धा माझा मग अकराही सीझन बॅगेतून फिरवला.

आणि तुंबलाच तर त्याच क्षणी सांगा. एका बोटीवर कोणाच्या तरी हातून पॅड आत गेलं. सकाळी कळलं असतं तर वीस मिनिटांचं काम होतं. सगळे गप्प बसले, प्रत्येक जण वरून आणखी पंप मारत राहिला, आणि दुपारी उन्हात मी दोन तास पाइप सोडवत होतो. मला राग आला नाही, खरंच. ते माझं काम होतं. वाईट याचं वाटलं की त्या मुलीनं पुढचे दोन दिवस माझ्याकडं बघितलं नाही आणि जेवायला बसताना माझ्याकडं पाठ करून बसायची. सांगून टाकलं असतं तर चहा होईपर्यंत विसरलो असतो.

पाणी जपून वापरायचं असतं. टाक्यांत काही शे लिटर गोडं पाणी असतं, काही बोटींवर समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्रही असतं. अंगाला साबण लावताना नळ बंद, एवढं पाळलं तरी पुरतं. एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गल्लीत राहिलेल्यांना हे शिकवावं लागत नाही.

पोहता न येण्याबद्दल. माझ्या पाहुण्यांत प्रत्येक खेपेला एक-दोघं पोहता न येणारे असायचेच. पाण्यात उतरायची सक्ती नसते. उतरायचंच असेल तर नांगरावर, शांत पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, शिडीचा दांडा हातात धरून. मागच्या पायऱ्या थेट पाण्यात जातात, सासूबाई तिथं पाय सोडून बसल्या तरी त्यांचा समुद्र झाला. मुलीचं वजन कंपनीला आधी कळवा. लहान मुलांची जॅकेटं वजनावर ठरतात, मोठ्यांचं ढिलं जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून वर येतं. ती डेकवर असेल तेव्हा ते अंगात असलंच पाहिजे हा नियम पहिल्या तासाला करा आणि तिच्या देखत कॅप्टनच्या तोंडून वदवून घ्या. आई-बाबांचं ऐकत नाहीत, कॅप्टनचं ऐकतात.

पण पडण्याची खरी जागा कुठली म्हणाल तर समुद्र नव्हे, डिंगी. किनाऱ्यावर जायची ती छोटी रबरी बोट. मोठ्या बोटीवरून तिच्यात पाय टाकताना लोक घसरतात. दोन्ही हात मोकळे हवेत, मोबाइल-पर्स दुसऱ्याकडं. क्रूचा हात बोटांनी धरू नका, मनगट धरा, तो तुमचं मनगट धरेल. पाय डिंगीच्या मध्यात टाकायचा आणि लगेच बसायचं. उभं राहून मागच्याला हात द्यायचा नाही, तो शिष्टाचार जमिनीवर. सहावारी साडीत हे अवघड जातं, निऱ्या पायात येतात आणि ओल्या झाल्या की जड होतात. सासूबाई सलवार-कमीज घालत असतील तर उत्तम. नसतील आणि त्यांना नऊवारीची सवय असेल तर काष्टा सहावारीपेक्षा कितीतरी सोयीचा. कोळणी काय उगाच नेसत नाहीत.

जेवणावर मी दिवसभर बोलू शकतो, थोडक्यात आवरतो. निघण्यापूर्वी कंपनी एक फॉर्म पाठवेल: काय खाता, काय खात नाही, ॲलर्जी, औषधं. लोक त्यात ‘व्हेज’ लिहून मोकळे होतात. थायलंडमध्ये नुसत्या ‘व्हेज’वर भागत नाही. तिथं मिठाच्या जागी माशाचा सॉस पडतो, भाज्यांत कालवांचा सॉस, आणि तयार करी पेस्टमध्ये बहुधा वाटलेली कोळंबी असते. करणाऱ्याच्या मनात ते ‘मासे घातले’ असं येतच नाही, जसं आपल्याकडं वरणाला फोडणी दिली हे कोणी वेगळं सांगत नाही. म्हणून एक शब्द लिहून घ्या: ‘जे’. फुकेतमध्ये दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला नऊ दिवस शाकाहाराचा मोठा उत्सव असतो, त्या काळातलं सोवळं जेवण म्हणजे ‘जे’. त्यात मांस, मासे, अंडी, दूध तर नसतंच, कांदा-लसूणही नसतो. सासूबाईंसाठी ‘जे, पण दूध-दही-तूप चालेल’ असं लिहा, तिथल्या कुकला लख्ख कळेल. शिवाय ‘वेगळं पातेलं, वेगळा चमचा’ हेही लिहा. मटण खाणारे पाच आणि माळकरी एक हे गणित आपल्या घरात कसं सांभाळतात ते त्याला माहीत नसतं, पण लिहिलं तर तो पाळतो. एकादशी मधे येते का ते कॅलेंडरात बघा. येत असेल तर साबुदाणा आणि शेंगदाण्याचा कूट इथूनच न्या.

आपली कांदा-लसूण चटणी बरणीत नव्हे, दोन पिशव्यांत बांधून न्या. चौथ्या दिवशी नारळाच्या दुधाचा कंटाळा आलेला कोल्हापुरी माणूस काय होतो ते मी पाहिलंय. फक्त कुकला ‘तांबडा रस्सा करून दाखवतो’ म्हणून गॅलीत घुसायचं ते नांगर टाकल्यावर. चालत्या बोटीवर उकळतं पातेलं ही चेष्टा नाही. माझ्या डाव्या मनगटावर त्याची खूण आहे.

सासूबाई रोज देवापुढं निरांजन लावत असतील तर हेही आधी विचारा. कॅटमरान फायबरची असते आणि बोटीवरच्या माणसाला वादळापेक्षा आगीची भीती जास्त. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर बोटीच्या तळाशी साचून राहतो. म्हणून कुठलाही कॅप्टन केबिनमध्ये उदबत्तीसुद्धा लावू देत नाही, आणि ते बरोबर आहे. पण मार्ग निघतो. माझ्या बोटीवर एका आजींसाठी आम्ही रोज सकाळी नांगरावर असताना, गॅस बंद करून, गॅलीच्या स्टीलच्या सिंकमध्ये निरांजन ठेवायचो. मी शेजारी ओला टॉवेल घेऊन उभा. पाच मिनिटांत पूजा व्हायची, मग चहा. तिसऱ्या दिवशी कॅप्टन स्वतः टोपी काढून उभा राहायला लागला.

रात्रीचं भय समजण्यासारखं आहे. दिवे मालवले की प्रत्येक आवाज मोठा होतो. सांगाड्याखाली पाणी थापटतं, डोलकाठीवर दोरी टकटक करते, नांगराची साखळी तळाशी घासून कुरकुरते. हे सगळे चांगले आवाज आहेत. कॅप्टन पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट साखळी सोडतो, म्हणजे ओढ आडवी बसते आणि नांगर रुतून राहतो. बोट ठरलेल्या वर्तुळाबाहेर सरकली तर जीपीएसचा अलार्म वाजतो. अलार्म नाही वाजला तरी वारा फिरला की कॅप्टनला आपोआप जाग येते, तान्ह्या मुलाच्या आईसारखी. एसीसाठी जनरेटर रात्रभर चालतो की ठरावीक तासच, हे मात्र कंपनीला विचारून ठेवा. आणि एखाद्या रात्री झोप नाहीच आली तर वर डेकवर या. काळोखात पाणी ढवळलं तर कधी कधी निळसर ठिणग्या दिसतात, चमकणारे सूक्ष्म जीव असतात ते. मुलीला उठवून दाखवा.

वादळाचं उत्तर एका वाक्यात: हवामान खराब असेल तर बोट जाणार नाही. आता फी फीच्या त्या दिवसाबद्दल. कॅप्टन सकाळी म्हणाला ‘आज नको’, तर दिरांना हुज्जत घालू देऊ नका. पैसे त्यांनी भरलेत हे खरं, पण समुद्रावर कॅप्टनचा शब्द शेवटचा, आणि करारातही तेच लिहिलेलं असतं. आग्रह करकरून उघड्या पाण्यात गेलेले पाहुणे दुपारी माझ्याकडं बादली मागत होते. तुमचं काही बुडणारही नाही. फी फीवरची माया बे ही छोटी खाडी बघायची म्हणून हट्ट असेल तर, ती बे माणसांच्या गर्दीनं खराब झाल्यामुळं २०१८ ते २०२२ बंदच ठेवली होती, आणि आता उघडली तरी तिथं पोहता येत नाही. खाडीतली आतून पोकळ बेटं, ज्यांना तिकडं हाँग म्हणतात, ती मला केव्हाही जास्त आवडतात. भरती-ओहोटीचा नेमका वेळ साधून कयाकमधून, म्हणजे वल्ह्यांच्या छोट्या होडीतून, अंधाऱ्या बोगद्यातून आत जायचं आणि वर एकदम आभाळ उघडतं. वल्ही मारायला माणूस असतो, सासूबाईही जाऊ शकतात.

शार्कची काळजी सोडा. जेलीफिश हा खरा उपद्रव. चावली तर चोळायचं नाही, गोडं पाणी ओतायचं नाही, व्हिनेगर ओतायचं. बोटीवर बाटली कुठं आहे हे पहिल्या दिवशीच विचारा.

सामान मऊ बॅगेत भरा. कडक सूटकेस बोटीवर ठेवायला जागाच नसते, मग ती चार दिवस तुमच्या पायाशी झोपते. बोटीवर सगळे अनवाणी असतात, चपला चढताना टोपलीत जातात. कोल्हापुरी चपला तर आणूच नका, खाऱ्या पाण्यात कातड्याचा पापड होतो. लांब बाह्यांचे सुती कपडे हवेत, पाण्यावरून परावर्तित झालेलं ऊन छत्रीखालीही भाजतं. सनस्क्रीन घेताना डबीवरचे घटक वाचा. प्रवाळाला घातक असे चार घटक असलेली क्रीम थायलंडच्या सागरी उद्यानांत २०२१ पासून बंद आहेत, त्यात ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट मुख्य. केबिनमध्ये पलंगाच्या वर जी काचेची झडप असते ती बोट निघण्यापूर्वी बंद करा. दर सहलीत एक तरी गादी समुद्रानं भिजते, आणि ती दर वेळी असल्याच झडपेखालची असते.

पैशाचं दिरांना विचारायला सांगा: डिझेल, उद्यानाची फी आणि पेयं भाड्यात धरलीत की वेगळी. टीप शेवटच्या दिवशी एका पाकिटात कॅप्टनकडं द्यायची, तो वाटून घेतो. कॅरिबियनमध्ये भाड्याच्या १५ ते २० टक्के देण्याचा रिवाज आहे, युरोपात त्याहून कमी. तुम्ही दहाच्या आसपास दिलेत तर कोणी नाराज होणार नाही. आणि जेवण आवडलं असेल तर ते कुकला तोंडानंही सांगा.

सासूबाईंच्या गोळ्या दोन संच करून दोन वेगळ्या बॅगांत ठेवा, प्रवासविम्यात रुग्णाला हलवण्याचा खर्च धरलाय का ते पाहा. राहिला तो फॉर्म. त्यात शेवटी ‘आणखी काही’ असा रकाना असतो, तो नव्वद टक्के लोक रिकामा सोडतात. त्यात लिहा: मला बोट लागेल, दोघींना पोहता येत नाही, सासूबाईंना पायऱ्या चढायला वेळ लागतो, सकाळी पूजा असते. चार वाक्यं. एवढं वाचलं की कॅप्टन पहिल्या दिवसाचा टप्पा आपोआप छोटा ठेवेल आणि कुक खरेदीला निघताना आलं जास्त घेईल. औषधांचा रकाना सासूबाईंच्या शेजारी बसून, पाकिटांवरची नावं बघून भरा. इंग्रजीत काही अडलं तर इथं टाका, मी लिहून देतो.